साडेतीनशेचा पांढरा काटा: साबणाला चालतो, झुमक्याला अर्धवट

पांढऱ्या प्लास्टिकचा, वर गोल तबक, समोर दोन-तीन बटणं, दहा किलोपर्यंत वजन घेणारा आणि एक ग्रॅमचा फरक दाखवणारा हा काटा तुम्ही कुठं ना कुठं पाहिला असेलच. मोबाईलवर मागवला तर चार-पाच वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत येतो, आत माल तोच. म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. मला साडेतीनशेच्या आतबाहेर पडला. खोक्यावर स्वयंपाकघराचं चित्र आहे, केक वगैरे. आमच्या घरी त्यावर केकचं सामान एकदाही मोजलं गेलं नाही.

आम्ही दोघी जावा. गाव देवळी तालुक्यात, घरी कपाशी नि तूर. वाडीत गटाची टिनाची शेड आहे, तिथं साबण होतो. ओसरीवर मातीचे झुमके, बांबूचे कानातले, पोतीच्या, म्हणजे बारीक काचमण्यांच्या, माळा. साबणाचा परवाना शेडच्या पत्त्यावर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण काटा आणि साचा आला म्हणजे धंदा सुरू झाला असं बऱ्याच जणींना वाटते. अंगाचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात मोडतो. 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणं विकण्यासाठी करायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, मग घाणा, म्हणजे एका वेळी केलेला माल, किलोचा असो की क्विंटलचा. कानातल्यांना असलं काही नाही, म्हणून बहुतेक जणी तिथून सुरुवात करतात. शिकायचं असेल तर वर्ध्याला मगनवाडीत एमगिरी ही ग्रामोद्योगाची सरकारी संस्था आहे, तिथं साबणाचं प्रशिक्षण असते. चौकशी करून जा.

आता काटा.

साबणाचा सगळा खेळ कास्टिकच्या, म्हणजे कास्टिक सोड्याच्या, वजनावर आहे. वाटीनं नाही, चमच्यानं नाही, वजनानं. प्रत्येक तेलाची भूक वेगळी. 100 ग्रॅम खोबरेलाला 18.3 ग्रॅमच्या आसपास कास्टिक लागते, तेवढ्याच एरंडीच्या तेलाला 12.8. तीळ आणि मोहाचं तेल या दोन्हींच्या मधात, पण एरंडीकडं झुकून. आमचा नेहमीचा घाणा एक किलो तेलाचा: खोबरेल, मोह, तीळ आणि थोडं एरंडी. त्याला हिशेबानं 148-149 ग्रॅम कास्टिक बसते. आम्ही त्यातून पाच टक्के कमी टाकतो, म्हणजे 141. थोडं तेल साबणात तसंच राहते आणि कातडी कोरडी पडत नाही. ही जी सात-आठ ग्रॅमची सूट आहे, तीच आमची राखण. काटा एखाद-दोन ग्रॅम इकडंतिकडं झाला तरी साबण चावत नाही.

म्हणून किलोच्या घाण्याला हा काटा पुरतो. डोळे मिटून घ्या.

गोष्ट बिघडते ती लहान घाण्याला. नवीन काही करून पाहायचं, संत्र्याच्या सालीची पूड किंवा हळद टाकून, तर कोणी किलोभर तेल पणाला लावत नाही. दोनशे ग्रॅमचा घाणा लावतो. त्याला कास्टिक 28 ग्रॅम, आणि आता सूट उरली जेमतेम दीड ग्रॅम. काटा 28 दाखवतो तेव्हा खरं वजन साडेसत्तावीस असू शकते, साडेअठ्ठावीसही. त्यात काट्याची स्वतःची चूक धरली की सूट संपली. नवशिक्या बाया नेमका लहान घाणा लावतात, नुकसान कमी व्हावं म्हणून, आणि नेमका त्यांचाच साबण हात सोलतो. मग म्हणतात, कास्टिक वाईट. ज्यांना फक्त लहान घाणे करायचे आहेत त्यांनी हा काटा कास्टिकसाठी वापरू नये. तेल आणि पाणी मोजायला ठीक आहे.

(हळदीचं आलंच तर: कास्टिक लागलं की ती आधी लालभडक होते. घाबरू नका, वाळता वाळता भगवी-पिवळी होते. संत्र्याच्या सालीचा रंग राहतो, वास मात्र उडून जातो. नागपुरी संत्रा असो की कोणता.)

आता या काट्याची सगळ्यात मोठी खोड. दीड-दोन मिनिटं आकडा हलला नाही की हा स्वतःहून बंद पडतो. सेल वाचावे म्हणून तशी सोय केली आहे म्हणे. केक करणाऱ्याला चालत असेल. आमच्याकडं भगुणं ठेवलं, धडा केला, म्हणजे बटण दाबून आकडा शून्यावर आणला, खोबरेल ओतलं, मग मोहाचं तेल आणायला वळलं. थंडीत ते तुपासारखं थिजलेलं असते, डबा ऊन पाण्यात ठेवावा लागते. तेवढ्यात इकडं पडदा कोरा. परत चालू केला तर भांड्यासकट सगळं वजन शून्य धरून बसतो. किती खोबरेल पडलं होतं ते आता देवाला माहीत. जाऊ म्हणते, "वहिनी, तुमचा काटा झोपला वं." ती अशी बोलते जशी मीच त्याला झोपवलं.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक भगुण्याचं, बादलीचं, मगाचं रिकामं वजन एकदा मोजून बुडाशी पक्क्या शाईच्या पेनानं लिहून ठेवायचं. मग काटा कितीदाही झोपू दे. भगुणं उचलायचं, काटा चालू करायचा, भगुणं ठेवायचं, आकड्यातून बुडावरचा आकडा वजा करायचा. धड्याचं बटण आम्ही आता जवळपास वापरतच नाही.

ते न वापरण्याचं दुसरंही कारण आहे, आणि हे कोणत्याही जाहिरातीत सांगत नाहीत. धडा करून आकडा शून्यावर आणला आणि मग गवती चहाचं तेल थेंब थेंब टाकलं, तर काटा ते थेंब खाऊन टाकतो. आकडा शून्यच. असल्या स्वस्त काट्यांना शून्याच्या आसपासची बारीक हालचाल स्वतःहून पुसायची सवय असते, म्हणजे शून्य सरकलेलं दिसू नये. हळू टाकलेला थेंब त्याला वजन वाटतच नाही. तुम्ही टाकत राहता, तो शून्य दाखवत राहतो, आणि वासाचं तेल असते महागाचं. आम्ही किलो तेलाला 30 ग्रॅमच्या वर वासाचं तेल जाऊ देत नाही, अंगाला झोंबू शकते. तेव्हा शून्यावरून कधीच मोजू नका. भांड्याचं वजन पडद्यावर दिसत राहू द्या आणि तिथून पुढं मोजा. तिथं तो थेंब खात नाही.

उन्हाळ्याबद्दल. वर्ध्याचा मे महिना म्हणजे 45 अंश, त्यावर टिनाची शेड. या काट्याच्या तबकाखाली ॲल्युमिनियमची एक छोटी पट्टी असते. वजन पडलं की ती केसभर वाकते आणि तिला चिकटवलेली तार ते वाकणं विजेत मोजते. ऊन तापलं की पट्टीही तापते, आणि शून्य सरकते. सकाळी मोजलेलं भगुणं दुपारी दोन-तीन ग्रॅम जास्त दाखवते. त्यात कूलर. कूलरची हवा तबकावर आली की आकडा नाचतो. कूलर बंद केला की आपण नाचतो. आम्ही उन्हाळ्यात कास्टिक सकाळी सहा-सातला मोजून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरून ठेवतो, डब्यावर वजन लिहून. कास्टिकला ते चालते, पण झाकण घट्ट हवं.

पावसाळ्यात घट्ट झाकणाचं महत्त्व दुप्पट. कास्टिकच्या पापड्या हवेतलं पाणी ओढतात. जुलैत पोतं उघडं राहिलं तर पापड्या एकमेकींना चिकटतात, ओलसर होतात. मग काट्यावर 141 ग्रॅम बरोबर येते, पण त्यातलं काही पाणी असते. साबण मऊ होतो, तेलकट राहतो, आणि शिव्या काट्याला बसतात. यात काट्याचा काही दोष नाही. पापडी काट्यावर सांडली तर लगेच ओल्या फडक्यानं पुसा, हातमोजे घालून. राहिली तर ती तिथंच ओलावा ओढून थेंब होते, बटणाच्या फटीत जाते आणि बटण खाते. माझ्या काट्याचं डावं बटण आता अंगठ्यानं जोर लावल्याशिवाय दबत नाही. आणि कास्टिक जर्मनच्या भांड्यात कधीच मोजू नका, कालवू नका. ॲल्युमिनियमला ते खाते आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. स्टील किंवा जाड प्लास्टिक. पाण्यात कास्टिक टाकायचं, कास्टिकवर पाणी ओतायचं नाही. डोळ्यावर चष्मा.

इतक्या तक्रारी सांगूनही मी हा काटा घ्याच म्हणते, त्याचं कारण वेगळंच आहे. तो कशासाठी कामी आला हे घेताना माझ्या डोक्यातही नव्हतं.

थंड पद्धतीचा, म्हणजे न शिजवता केलेला, साबण साच्यातून काढला, वड्या कापल्या, की तो चार ते सहा आठवडे मांडणीवर वाळू द्यावा लागते. कच्चा विकला तर मोरीत चार दिवसांत विरघळून जातो. पण कोणत्या वडीला चार आठवडे नि कोणत्या वडीला सहा, हे कॅलेंडर सांगत नाही. एप्रिलमध्ये पाणी झपाट्यानं उडते. श्रावणात उडतच नाही. म्हणून प्रत्येक घाण्यातली एक वडी आम्ही वेगळी ठेवतो, तिच्याखाली कागद, आणि दर आठवड्याला तिचं वजन त्या कागदावर. कापताना 120 ग्रॅमची वडी उतरत उतरत 105 च्या आसपास येते आणि तिथं थांबते. आकडा हलायचा थांबला की घाणा तयार. मागच्या पावसाळ्यात एका वडीचं वजन उतरण्याऐवजी चढलं. जाऊ म्हणे, काटा गेला कामातून. काटा ठीक होता. हाताच्या साबणात ग्लिसरीन आतच राहते, कारखान्यासारखं काढून घेत नाहीत, आणि ते ओल्या हवेतलं पाणी ओढते. वडीवर घाम आल्यासारखे थेंब दिसतात ते त्याचेच. तेव्हापासून पावसाळ्यातला माल पंख्याखाली आणि मग बंद डब्यात.

आता इथं बघा: या कामाला काटा खरा नसला तरी चालते. तो दोन ग्रॅम खोटं बोलत असेल तर दर आठवड्याला तेच दोन ग्रॅम खोटं बोलतो. मला 105 की 107 याच्याशी घेणं नाही, आकडा थांबला की नाही याच्याशी आहे. तोच माल परत ठेवला की तोच आकडा येतो का, एवढंच पाहायचं, आणि यात हा स्वस्त काटा पक्का आहे. एकाच थंड वेळी, म्हणजे सकाळी, मोजायचं.

हीच युक्ती मातीच्या दागिन्याला लागू पडली. आमची कापसाची काळी माती दागिन्याला चालत नाही, वाळताना भेगाळते. माती कुंभारकाकांकडून येते, तलावाच्या गाळाची, चाळलेली. मणी, झुमक्याच्या घंट्या, पदकं करून सावलीत वाळवायची. वरून दागिना खडखडीत दिसतो, आत ओल असते. भट्टीत गेला की त्या ओलीची वाफ होते आणि दागिना फुटतो, शेजारच्या दोघांना घेऊन. काका हातात धरून, गालाला लावून सांगतात वाळला की नाही. थंड लागला म्हणजे आत पाणी आहे. त्यांचा गाल आमच्या कोणत्याही यंत्रापेक्षा बरा, पण तो गाल आमच्याकडं नाही. आम्ही अख्खं ताट काट्यावर ठेवतो. काल आणि आज वजन सारखं आलं की भट्टीला पाठवतो. फुटीचं प्रमाण फार उतरलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मंग माह्यं काय काम राह्यलं जी आता?" आणि हसले. भट्टी त्यांचीच आहे, गोवऱ्या रचणं त्यांचंच.

दागिन्याच्या बाकीच्या कामाला मात्र हा काटा तोकडा. पोत तोळ्यावर, ग्रॅमवर मिळते. बारीक पोतीचे एका ग्रॅमला शंभराच्या वर मणी बसतात. माळेला किती पोत गेली, भाव काय लावायचा, हे एक ग्रॅमच्या फरकानं कळत नाही. त्याहून मोठा प्रश्न कानाचा. बाजारात बाई झुमका हातात घेते आणि पहिला प्रश्न भावाचा नसतो. "कान तं नाही ना ओढत?" हा असतो. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायांची कानाची भोकं पाहा, जड दागिन्यानं लांबलेली. त्यांच्या सुना-नाती जड घालत नाहीत. म्हणून आम्ही पुठ्ठ्यावर वजन लिहितो: मातीची जोडी 14 ग्रॅम, बांबूची 4. लिहायला लागल्यापासून बांबूचे जास्त जातात, हे खरं. पण ज्या मातीचे नेतात त्या परत येऊन भांडत नाहीत. आता 4 ग्रॅमची जोडी म्हणजे एक कानातलं 2 ग्रॅम, आणि एक ग्रॅमचा काटा तिथं 1 दाखवतो, 2 दाखवतो, मर्जीप्रमाणं. हलकी वस्तू असली तर कधी कधी काहीच दाखवत नाही.

त्यासाठी खिशात मावणारा, झाकणाचा, 200 ग्रॅमपर्यंतचा, 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा वेगळा घ्या. तोही याच भावात मिळतो. लहान घाण्याचं कास्टिकही त्यावरच मोजा, हलक्या प्लास्टिकच्या वाटीत. सोनार पूर्वी गुंजेनं तोलत, 96 गुंजांचा तोळा. मी गंमत म्हणून गुंजा या लहान काट्यावर ठेवून पाहिल्या. कोणती 0.10, कोणती 0.13. जुने सोनार एकसारख्या गुंजा निवडून का ठेवत ते समजलं. गुंजेच्या माळा आम्ही करत नाही, कितीही मागणी असो. बी टोचलं की आतलं विष उघडं पडते, आणि माळ लेकरांच्या तोंडात जाते.

काटा खरा आहे की नाही हे घरीच पाहता येते, दुकानातलं वजन विकत घ्यायची गरज नाही. वीस रुपयांचं नाणं 8.54 ग्रॅमचं. लहान काट्यावर एक ठेवा, मोठ्यावर दहा ठेवा, 85 यायला पाहिजे. लिटरभर पाण्याचा किलो धरू नका, निदान मेमध्ये धरू नका. चाळीस अंशाच्या पाण्याचं लिटरभर वजन 992 ग्रॅमच भरते. माझा काटा 992 दाखवत होता तेव्हा मी त्याला बोल लावला नाही, मला हे आधी माहीत होतं. पण गटातल्या एकीनं याच कारणावरून नवा काटा परत पाठवला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. या काट्यावर मोजून विकायचं नाही. माझ्या काट्याच्या पोटावर बारीक इंग्रजी अक्षरांत तसं लिहिलेलंही आहे. विकण्याच्या मालाचं वजन वैधमापनवाल्यांकडून, म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, पासिंग केलेल्या काट्यावरच व्हायला पाहिजे, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग दर वर्षी करावं लागते. आमच्या शेडमध्ये गटाचा एक पासिंगचा काटा आहे. तो महाग आहे, जड आहे, लाईन गेली तरी बॅटरीवर चालतो, आणि त्यावर कास्टिक ठेवू देत नाही मी कोणाला. वेष्टनावर 100 ग्रॅम लिहायचं तर शेवटचं मोजणं त्यावर. साबण नंतरही सुकतो, म्हणून मोठ्या कंपन्या वेष्टनावर 'पॅक करतानाचं वजन' असं छापतात. आम्ही वडी 104-105 वर असतानाच गुंडाळतो, म्हणजे दुकानात पडून राहिली तरी शंभराच्या खाली जात नाही.

साबणाला पाचपैकी चार. अर्धा तारा झोपण्याबद्दल कापला, अर्धा थेंब खाण्याबद्दल. दागिन्याला दोन, आणि ते दोनही ताटातली माती वाळली की नाही ते सांगतो म्हणून. अगरबत्ती, पापड, मसाले करणाऱ्यांना बहुधा पाच वाटेल, त्यांना ना कास्टिक ना कानाची पाळी.

सेल दोन लागतात, पेन्सिल सेल. नवे घातले की बरेच महिने जातात. पडद्यावर 'लो' यायच्या आधीच आकडा डगमगायला लागतो, तेव्हाच बदला. खालचं सेलचं झाकण उन्हानं वाकडं होऊन गळून पडते. माझं पहिल्याच उन्हाळ्यात पडलं, जावेच्या माहेरच्यांनी घेतला त्याचंही. पोतीच्या पुड्याला येतो तो रबर बँड आडवा लावून घ्या, काम भागते.